पिवळी फीत

फितीला टाचणीची दोन भोकं पडली होती, आणि ती दर बुधवारी थोडी थोडी मोठी होत होती – म्हणजे तसं काही नसेलही, साटीनची फीत ती, शिवणाच्या दुकानात मीटरवर मिळते तसली, बोटभर कापलेली, पिवळी. पण अंजलीला मात्र ती भोकं आज चांगलीच पसरलेली दिसली. तिनं फीत खिडकीतल्या उजेडात धरली. हे कोणीतरी बघितलं तर काय म्हणेल, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, काय म्हणणार, फितीला भोक पडलंय म्हणेल... मग तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून नुसत्या उभ्या आहोत, चहा उतू चाललाय आणि सासूबाई आतून हाक मारतायत.

हाक दुसऱ्यांदा आली तेव्हा ती हलली. अजूनही या नावाला तिचे कान जरा उशिराच जागे होतात. अंजली. पंचवटीतल्या एका देवळाच्या ओवरीत महेशनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं हे नाव लिहिलं त्याला आता तीन वर्षं झाली. लिहिताना त्याचा 'ज' बिघडला म्हणून सगळे हसले होते, तीही हसली होती. त्याआधीच्या ताटात दुसरं नाव होतं. योगिनी. ते ताट इगतपुरीकडचं, तांदूळ घरच्या खाचरातला, आणि लिहिणारा सोमनाथ... आणि त्याच्याही आधी, आईबापानं ठेवलेलं सरला. एका बाईला नावं तरी किती असावीत! एक नाव पुसलं की त्याच्याबरोबर काय काय पुसलं जातं ते कोणी बघत नाही. तांदूळ तेवढे परत डब्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भात होतो.

कुसाबाई आत देवापुढं वाती वळत बसल्या होत्या. महेशची सेकंड शिफ्ट, तो अजून झोपलेला; त्यामुळे घरात सगळं हळू आवाजात चाललं होतं.

"बुधवार ना आज? जायचं नाय का तुला?"

"कंबर धरलीय जरा."

"कंबर मागच्या बारीला धरली व्हती," वातीवरची नजर न काढता कुसाबाई म्हणाल्या. "जाऊन ये बाई. नाय गेलीस का ती आशाताई घरी येती, दारात बसती, चार बाया गोळा होत्यात, अन् मग इचारपूस. त्यापरीस आपण जावं, गुमान बसावं, अन् यावं."

गुमान बसावं. अंजलीनं चहा गाळला. दुसऱ्यांच्या सासवा सुनांना दवाखान्यातल्या गटात जाऊ देत नाहीत, आणि हिच्या सासूबाई तिला ढकलून पाठवतात – कॉलनीतल्या बायकांना याचं केवढं कौतुक! खालच्या मजल्यावरची तेजस्विनी तर तोंडभरून म्हणते, तुमच्या आई किती पुढारलेल्या आहेत हो. पुढारलेल्या आहेतच. झाकायची वस्तू चारचौघांत ठेवली की तिच्याकडं कोणाचं लक्ष जात नाही, एवढं कळण्याइतक्या तर नक्कीच.

आणि तरी त्या वाईट नव्हत्या. हीच तर पंचाईत होती. वाईट असत्या तर अंजलीला किती सोपं गेलं असतं. पण सातवा लागल्यापासून तिला वाकू देत नव्हत्या, कपडे स्वतः वाळत घालत होत्या, आणि महेश बोलायला लागला की डोळ्यांनीच त्याला गप्प करून तिच्या ताटात तुपाची धार सोडत होत्या. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीशी, मंगला सिस्टरनं नाव लिहून घेताना विचारलं होतं, "कितवी खेप?" – आणि अंजलीचं तोंड उघडायच्या आत मागून कुसाबाई म्हणाल्या होत्या, "पहिलीच हाय." इतक्या पटकन, इतक्या सहज, की सिस्टरनं मान वरसुद्धा केली नाही. अंजली तेव्हा वजनकाट्याकडे बघत होती. खोटं त्या बोलल्या होत्या. आपण फक्त गप्प बसलो... या एका वाक्यावर ती आजवर टेकून बसली होती, भिंतीला टेकावं तशी. गप्प बसणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

सिस्टरनं तिच्या हातात पिवळी फीत ठेवली. पहिलटकरणींना पिवळी, आधी बाळंत झालेल्यांना हिरवी. ही सिस्टरची स्वतःची शक्कल. त्या कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि आल्या आल्या त्यांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीतलं टेबलच काढून टाकलं. खुर्च्या गोल मांडल्या. आता म्हणे रांगेत उभं राहून दोन मिनिटं डॉक्टरांना तोंड दाखवायचं नाही. एका वेळी दिवस गेलेल्या बायकांनी एकत्र बसायचं, वजन आपलं आपण बघायचं, बीपी एकमेकींचं बघायचं, आणि बोलायचं. हिरवीनं एकेका पिवळीला सांभाळायचं. सुरुवातीला बायका म्हणाल्याच, सिस्टरनं स्वतःचं काम आपल्या गळ्यात घातलं. पण हळूहळू त्यांना गोडी लागली. ज्या येत नव्हत्या त्यांची कारणंही सगळ्यांना पाठ होती – हिचा नवरा पाठवत नाही, तिचा दिवसाचा रोज बुडतो, तिसरीला चारचौघींत वजन सांगायची लाज वाटते, चौथी म्हणते बायकांत बसून काय व्हायचंय, डॉक्टरनं बघावं. सांगण्यासारखी कारणं होती ती. अंजली ती ऐकायची आणि तिला त्या न येणाऱ्या बायकांचा हेवा वाटायचा.

वाटेत वर्कशॉपमधून लोखंड कापल्याचा आवाज येत होता. शिफ्टच्या गाड्या निघून गेल्या होत्या, रस्ता मोकळा होता. ती मुद्दाम सावकाश चालत होती. उशीर झाला तर ओळख-बिळख होऊन गेलेली असेल, मध्येच बसता येईल. सिस्टर दर वेळी ओळख करून घेतात. नाव सांगा, कितवा महिना सांगा, कितवं बाळ सांगा. मी अंजली, सातवा, पहिलं. मी अंजली, सातवा... ते शेवटचं ती नेहमी जरा खालच्या आवाजात म्हणते आणि बायका हसतात, लाजतेय म्हणतात. लाजते हो लाजते, त्यांना काय माहीत कशाला लाजते.

स्वराज. आता बालवाडीत असेल, का पहिलीत... शाळेच्या दप्तरी आईचं नाव योगिनी असं लिहिलेलं असेल, आणि त्या नावाची बाई आता कुठंच नव्हती. सोमनाथ काविळीनं गेला तेव्हा पोरगं नुकतं चालायला लागलं होतं. वर्षभरानं भाऊ तिला न्यायला आला. बाहेरच्या पडवीत बैठक बसली, तिचा भाऊ, मामा, सासरे, सासूबाई नवसाबाई, गावातली दोन माणसं. ती आत चुलीशी भात शिजवत होती. सगळं ऐकू येत होतं. पोरगी तरणी आहे, तिचं आयुष्य पडलंय, हे बरोबर. पण पोरगा आमचा वंश आहे, तो आम्ही देणार नाही, हेही बरोबर. सगळंच बरोबर होतं. नाशकातलं स्थळ होतं, कंपनीत कंत्राटी होता म्हणून त्याला मुली मिळत नव्हत्या, त्याची बाकी काही अट नव्हती, फक्त पोर नको. कोणी आत येऊन तिला विचारलं नाही. आणि तिनं – हेच ते – तिनं भाताखालचा जाळ कमी केला, झाकण ठेवलं, आणि बाहेर गेली नाही.

निघताना तो नवसाबाईंच्या कडेवर होता. हातात कुरमुऱ्यांची पिशवी होती, ती फुटू नये म्हणून तो तिच्याकडेच बघत होता, आईकडे नाही. जीप निघाली. वळणावर घर दिसेनासं झालं, आणि तेव्हा – आतापर्यंत मी हे कोणाला सांगितलेलं नाही, देवाला सुद्धा नाही – तेव्हा मला मोकळा श्वास आला. छातीतून आपोआप आला. बरं वाटलं. क्षणभरच, पण बरं वाटलं. मग रडू आलं, भावानं पाठीवर हात ठेवला, मामानं पाणी दिलं, सगळे म्हणाले आईचं काळीज आहे. त्या रडण्याला सगळे साक्षी होते. त्या श्वासाला कोणी नव्हतं.

दवाखान्याच्या खोलीत ओळख व्हायचीच होती. तिच्यासाठीच थांबल्या होत्या म्हणे.

संजनानं शेजारची खुर्ची धरून ठेवलेली. संजना तिची हिरवी. विहाराच्या मागच्या वस्तीतली, तीन वर्षांच्या मुलीची आई, वयानं अंजलीपेक्षा लहानच, पण शिकवायला बसली की मोठी बहीण व्हायची. गेले कित्येक बुधवार ती अंजलीला शिकवत होती – पायावर सूज आली तर काय, बाळ फिरलं की कसं कळतं, दूध उतरत नसेल तर घाबरायचं नाही. आणि अंजली मान हलवत होती. "हो का?" म्हणत होती. एकदा तर तिनं विचारलंसुद्धा, बाळाची नाळ कधी गळून पडते हो? स्वराजची नाळ सहाव्या दिवशी गळली होती, तिनं ती डबीत घालून ठेवली होती, ती डबी अजून तिकडच्या मांडणीवर असेल... संजनानं बिचारीनं हाताच्या खुणा करून सगळं समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाताना अंजलीला स्वतःचीच किळस आली होती.

बीपीचं मशीन फिरत फिरत त्यांच्याकडे आलं. संजनानं तिच्या दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा आवळत गेला.

"जास्त येतंय थोडं," संजना म्हणाली. "चालत आलात ना. बसा पाच मिनिटं शांत, मग परत बघू."

मग तिनं डबा उघडला. अळिवाचे लाडू होते. समोर बसलेल्या तेजस्विनीनं, नको ताई, माझं पोट भरलंय, असं गोड हसून सांगितलं, आणि ते कशासाठी ते सगळ्यांना कळलं आणि कोणालाच कळलं नाही. अंजलीनं मात्र लाडू घेतला. दोन घेतले. ती दर वेळी घ्यायची, आणि घेताना तिला आपलं मन फार मोठं असल्यासारखं वाटायचं. आज लाडू तोंडात फिरायला लागला. हिच्या हातचं खायचं, हिच्या शेजारी बसायचं, आणि हिलाच दर बुधवारी बनवायचं. त्यापेक्षा ती समोरची बरी, निदान खात तरी नाही.

सिस्टरनं मग एका टॉवेलची गुंडाळी केली, वरच्या टोकाला सुतळीनं बांधून डोकं केलं, आणि म्हणाल्या, हे बाळ. पिवळ्यांनी एकेकीनं घेऊन दाखवायचं. हसाहशी सुरू झाली. तेजस्विनीनं ते भांड्यांचं टोपलं उचलावं तसं उचललं, त्याचं डोकं मागं लोंबलं, आणि सगळ्या ओरडल्या, अगं मान, मान धर! पुढचीनं घट्ट धरलं. पुढचीनं उलटं धरलं. अंजलीनं मनाशी ठरवलं होतं काय करायचं ते – जरा आखडून घ्यायचं, हात लांब ठेवायचे, भीती वाटतेय असं दाखवायचं. इतक्या बुधवारांनंतर तिला ते आता चांगलं जमायला लागलं होतं.

टॉवेल तिच्या हातात आला. कोणाच्या तरी घरचा धुतलेला, मऊ, थोडा ओलसर राहिलेला टॉवेल. आणि तिचा डावा हात मानेखाली गेला. तिनं नेला नाही, तो गेला. कोपराच्या खळग्यात ते डोकं बरोबर बसलं, उजवा तळवा खालून आला, पदराचं टोक आपोआप त्याच्या तोंडावर उन्हासाठी आडवं धरलं गेलं – खोलीत ऊन कुठलं! – आणि ती डोलायला लागली. मागं पुढं नाही, कडेकडेनं, जशी ती तिकडच्या पडवीत, पाऊस थांबत नसे तेव्हा तासन्‌तास डोलायची. तीन बोटं टॉवेलच्या पाठीवर थापटत होती. दोनदा हळू, एकदा जोरात. तो तसाच झोपायचा. दुसऱ्या कशानं नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या.

"अगंबाई," तेजस्विनी म्हणाली, "तुम्हाला किती छान जमतं. पहिल्यांदा असून."

सगळ्या हसल्या, कौतुकानं. अंजलीनं टॉवेल पुढं केला, घाईनं, आणि देताना त्याची मान सोडली. संजना हसली नव्हती. ती अंजलीच्या हाताकडे बघत होती.

मग सिस्टर खुर्चीत सरसावून बसल्या. आज त्यांना बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबद्दल सांगायचं होतं. अंजलीनं खिडकीकडं बघितलं. तिला ते ऐकायचं नव्हतं, कारण तिला ते माहीत होतं – गादी ओली लागणं, मग खालची फरशी, मग नर्सच्या चपलांचा पचपच आवाज, मग आपलेच पाय आपले न राहणं. इगतपुरीहून ॲम्ब्युलन्सनं नाशिकला आणलं होतं. नवसाबाई सगळ्या वाटेत तिचे तळपाय चोळत बसल्या होत्या, नि तिला झोपू देत नव्हत्या, ए योगिनी, बोल माझ्याशी, ए योगिनी. रक्त चढवलं तेव्हा वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या खेपेला नाव नोंदवतानाच हे सांगायचं, विसरायचं नाही, परत होऊ शकतं. विसरली नव्हती ती. इकडच्या घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरगा होता एवढं माहीत होतं. तो झाला कसा, हे कोण कशाला विचारतंय.

"मागच्या बाळंतपणात जिला जास्त रक्त गेलंय," सिस्टर म्हणाल्या, "तिनं हात वर करा. लाजायचं नाही. अशा बाईची सोय आम्ही आधीच मोठ्या दवाखान्यात करून ठेवतो, रक्ताची तयारी ठेवतो. आयत्या वेळी कळलं तर आमच्याही हातात काही राहत नाही."

हिरव्यांमधल्या एकीनं हात वर केला. दुसरीनं अर्धा केला, मग खाली घेतला, तिला वाटलं तेवढं काही नव्हतं. अंजलीचे दोन्ही हात मांडीवर होते. पिवळ्यांना हा प्रश्नच नव्हता. पिवळ्या नुसत्या ऐकत होत्या, डोळे मोठे करून. तिनंही डोळे मोठे केले. पोटातलं लेकरू हललं. याची काय चूक, असं तिच्या मनात आलं. याला कोण आहे माझ्यावाचून... आणि त्याला तरी कोण होतं? एवढ्या बायकांत एक हात वर करायचा. किती जड असतो हात? हात वर केला की समोर तेजस्विनी. तेजस्विनी म्हणजे संध्याकाळपर्यंत जिना, जिन्यातून कॉलनी, कॉलनीतून महेशची कंपनी. पाट लावलेली. पोर टाकून आलेली. टाकून – हाच शब्द वापरतील. आणि त्यात खोटं काय आहे? सिस्टरला एकटीला गाठून सांगता आलं असतं. पण एकटी कधी सापडते? पडद्यामागं टेपनं पोट मोजताना सुद्धा पलीकडं तेजस्विनीच्या बांगड्या वाजत असतात.

सिस्टर पुढच्या विषयावर गेल्या. बीपी दुसऱ्यांदा बघायचं राहूनच गेलं.

बाहेर पडल्यावर तेजस्विनी औषधाच्या खिडकीशी गोळ्या घ्यायला थांबली. अंजली फाटकाशी आली, तर मागून संजना. पोट सांभाळत, भरभर. रिक्षावाले ओरडत होते, त्यांना हातानंच नको म्हणून ती जवळ आली. डब्याचं झाकण नीट बसलंय का ते तिनं उगीच बघितलं.

"अंजलीताई, राग नका येऊ देऊ. आधीचं काय आहे तुमचं? मुलगा का मुलगी?"

किती सरळ विचारलं तिनं! कोण, कुठं, का, कसं – यातलं काही नाही. या शहरात आल्यापासून त्याच्याबद्दल कोणी एवढंही विचारलं नव्हतं. महेशनंसुद्धा नाही. लग्न ठरताना त्यानं विचारलं होतं, "मुलाचं काय?" – म्हणजे व्यवस्थेचं काय, आणि व्यवस्था लागलीय कळल्यावर त्याचा चेहरा सैल झाला होता. मुलगा का मुलगी. या प्रश्नाला फक्त एक शब्द लागत होता.

"आधीचं कुठलं?" अंजली म्हणाली. हसून म्हणाली. "अहो, भाचा आहे मला. भावाचा. त्याला मीच वाढवलाय ना लग्नाआधी. म्हणून हाताला सवय."

"अस्सं," संजना म्हणाली.

"हो ना. लई लळा होता त्याला माझा."

संजनानं तिच्याकडे बघितलं, फार नाही, रागानं तर नाहीच. "मग ठीक आहे. मला आपलं वाटलं. मी सिस्टरना काही बोललेले नाही, बोलणार पण नाही," ती म्हणाली, आणि मग डब्यातला उरलेला लाडू कागदात बांधून तिनं अंजलीच्या पिशवीत घातला. "आईंना द्या."

अंजली घरी कशी आली ते तिला आठवत नाही. वाटेत वर्कशॉप लागलं असेल, रस्ता ओलांडला असेल. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती गोष्ट खोटं बोलल्याची नव्हती. उत्तर तयार होतं, ही होती. एक क्षण अडखळली नाही. भाचा, भावाचा, मीच वाढवलाय, लळा होता – एकाला एक जोडून, वाती वळाव्यात तसं. म्हणजे कुठंतरी आत बसून ती हे कधीपासून वळत होती. तिच्या भावाला तर दोन मुलीच आहेत! आणि मागितलं कोणी होतं? कुसाबाईंनी गप्प बस म्हटलं होतं, भाचा म्हण असं म्हटलं नव्हतं. बैठकीत निदान दुसऱ्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं. आज फाटकाशी, दिवसाउजेडी, कोणी नेत नसताना तिनं स्वतः उचलून तो देऊन टाकला. आजवर ती भिंतीला टेकून बसली होती, ती भिंतच राहिली नाही. आता खोटं तिचं स्वतःचं होतं.

आणि एक भयंकर गोष्ट झाली. तिनं त्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला – कडेवरचा, कुरमुऱ्यांच्या पिशवीकडं बघणारा – आणि तो आला, पण जरा लांबचा आला. नात्यातल्या पोराचा येतो तसा. बोललेला शब्द असा लगेच जाऊन बसतो हे तिला माहीत नव्हतं.

महेश डबा घेऊन निघून गेला. कुसाबाईंनी ऊन उतरल्यावर जुनं मऊ लुगडं काढलं, चौकोन फाडून ठेवलेले, आणि दोघी गॅलरीत दुपटं शिवायला बसल्या. नवं कापड बाळाला टोचतं. संजनाचा लाडू कुसाबाईंनी विचारला कोणाचा ते, आडनावही विचारलं, आणि थोडा वेळ तो तसाच कागदावर राहिला. मग बोलता बोलता त्यांनी तो खाल्ला.

तेवढ्यात तेजस्विनी वर आली. तिच्यानं थोडंच राहवतंय! आल्या आल्या तिनं टॉवेलची सगळी गंमत सांगितली, कोणी कसं धरलं, कोणाचं डोकं लोंबलं. "पण काकू, तुमच्या सुनेनं असं धरलं की सिस्टर बघतच राहिल्या. आम्हाला नाही बाई येत."

कुसाबाईंची सुई थांबली नाही. "तिला काय येतंय," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण ती. असंल दिसलं कुठं, केलं."

तेजस्विनीनं दुपट्याचं कौतुक केलं, पाणी प्यायली, गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत खाली गेल्या आणि थांबल्या. समोरच्या टाकीवर कबुतरं उतरली. खालून कोणीतरी दळणाचा डबा घेऊन ये म्हणून ओरडत होतं. अंजली टाका घालत होती, सरळ धावदोरा, एकमेकांशी अंतर राखून. तिला न बघताही येत होतं ते, पण ती मुद्दाम बघून, हळू घालत होती. या घरातसुद्धा. आपल्याच गॅलरीत, सगळं माहीत असलेल्या बाईसमोर, आपण न येण्याचं सोंग करतोय हे लक्षात आलं तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

कुसाबाई दोरा तोडायला वाकल्या. दातांनी तोडला. सुईत नवा ओवायचा प्रयत्न केला, जमला नाही, सुई तिच्यापुढं केली. तिनं ओवून दिली. मग त्या दुपट्याकडंच बघत, अगदी हळू, घरात दुसरं कोणी नसताना आणि तरी कोणी ऐकेल या धाकानं म्हणाल्या,

"त्याला शिवलं व्हतंस का गं असं?"

अंजलीची मान वर झाली नाही. त्याला. तीन वर्षांत या घराच्या भिंतींनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. आणि तिच्या जिभेच्या टोकावर, ओवलेल्या सुईसारखं तयार, दुसरं एक उत्तर येऊन उभं होतं – कोणाला? – फक्त तेवढंच, कोणाला? – इतकं हलकं, इतकं हाताशी, की ते बोललं असतं तर कुसाबाईंनीही सुटकेचा श्वास टाकला असता, आणि सगळं पुन्हा जागच्या जागी गेलं असतं.

तिनं दात मिटले.

कुसाबाई वाट बघत होत्या. पुन्हा विचारणार नव्हत्या, हे दिसतच होतं. एवढं विचारतानाही त्यांचं तोंड ओशाळं झालं होतं. अंजलीच्या मनात गोल मांडलेल्या खुर्च्या आल्या, आणि डॉक्टरीणबाई आल्या, आणि फरशीवरचा तो पचपच आवाज, आणि पोटातलं हे, आणि नवसाबाईंच्या कडेवरचं ते, आता तोंड तिच्याकडं वळवत असलेलं. सांगायला कुठून सुरुवात करायची? शिवलं होतं म्हणावं, का रक्तापासून सुरुवात करावी, का त्या वळणापासून, त्या श्वासापासून... तो श्वास तर कुठल्याच फितीत बसत नव्हता. ती लाजली होती आजवर लोकांना. आता तिला पोराची लाज वाटत होती, आणि ही लाज निराळी होती, हिला तोंड लपवावंसं वाटत नव्हतं, हिला त्याच्याकडं बघावंसं वाटत होतं.

तिनं टाका घातला. दोरा लांब घेतला होता तिनं, गरजेपेक्षा लांब, आणि तो ओढता ओढता तिचा हात मांडीवरून वर गेला, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर गेला, दोरा ताणला गेला आणि संपला, तरी तिला हात खाली घेववेना.